अण्णांची जुनी सायकल, माझी नवी

फोन आला तेव्हा मी निपाणीत होतो. विम्याच्या कामासाठी महिन्यातून दोनदा तिथं जावं लागतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिरची भजीची बशी नुकतीच पुढं आली होती, आणि अण्णांच्या मुलीचा, शोभाचा, आवाज आला, "काका, अण्णा गेले." मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी माणसाच्या तोंडून "बरं" निघतं, हे मला त्या दिवशी कळलं. भजी तशीच टाकून बेळगावची गाडी पकडली. खिडकीशी बसलो आणि सगळ्या वाटेत एकच विचार घोळत राहिला. अण्णांपासून एक गोष्ट मी सहा वर्षं लपवून ठेवली होती. ती त्यांना कळली असती तर ते कोलमडले असते. आता ती कायमची लपली, म्हणून मला हायसं वाटत होतं, आणि त्याच हायसं वाटण्याची लाज वाटून रडूही येत होतं...

परशराम अण्णा बेळगावातल्या आमच्या वडगावात मागांचे जॉबर होते, म्हणजे पॉवरलूम बिघडला की तो चालता करणारा माणूस. माझ्या वडिलांचे चार माग होते, तेव्हापासून त्यांचं आमच्याकडं येणं-जाणं. उंबऱ्यावर चप्पल काढतानाच कान देऊन सांगायचे, "तिसऱ्याचं तेल आटलंय." आणि तिसऱ्याचंच आटलेलं असायचं. मागच्या खिशात पक्कड आणि हातात लांब चोचीची तेलाची कुपी. जे किंचाळतं त्याला दोन थेंब तेल घालायचं, हा त्यांचा धर्म. एका लग्नात जेवणाच्या हॉलचं दार कुरकुरत होतं, तर हे पंगतीतून उठले आणि आचाऱ्याकडून गोडंतेल मागून बिजागरीला घालून आले, तेव्हा कुठं त्यांच्या घशाखाली घास उतरला. अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या दिवशी लाजून अर्धमेल्या झाल्या होत्या.

पुढं आमचे माग विकले गेले, मी नोकरीला लागलो. पण अण्णा सुटले नाहीत ते सायकलीमुळं. त्यांच्याकडं एक माउंटन बाइक होती. हा शब्द वडगावात कुणाला ठाऊक नव्हता त्या काळात, कॅम्पातून बदली होऊन चाललेल्या एका लष्करी साहेबाकडून त्यांनी ती घेतलेली. निळी, अस्सल पोलादी, जाड टायरांची. शॉकॲब्सॉर्बर वगैरे काही नाही. ब्रेक रबरी गुटक्यांचे, रिमला धरणारे, आणि गिअरचे खटके हँडलवर अंगठ्याशी. दर रविवारी सकाळी आम्ही येळ्ळूरमार्गे राजहंसगडावर जायचो. मी वडिलांच्या साध्या सायकलवर, अर्धी वाट हातात धरून. अण्णा मात्र गडाच्या चढावर बसल्या जागेवरून उठायचे नाहीत.

डॉक्टरांनी मला साखर सांगितली त्या वर्षी मी नवी माउंटन बाइक घेतली. ॲल्युमिनियमची, पुढं शॉक, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. पहिल्या रविवारी अण्णांच्या दारात नेऊन उभी केली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हँडल दाबून बघितलं. शॉक खाली गेला, वर आला.

"हे काय रं सुऱ्या, गादी बांधून घेतलीस व्हय?"

"खड्डा कळत न्हाय, अण्णा. बसून तर बघा."

"खड्डा कळाय नगं, तर मग घरात खाटंवर बस की. खड्डा बसला म्हंजी रस्ता ध्यानात ऱ्हातोय."

"आनि कंबर मोडली म्हंजी?"

"कंबर माझी हाय. तुझं काय जातंय?"

तेव्हापासून दर रविवारी हीच जुंपायची. चढावर माझी हलकी सायकल पुढं गेली की ते मागून ओरडायचे, "नव्याची नवलाई नऊ दिस!" आणि माझी चेन उतरली की गडावरच्या माकडांना ऐकू जाईल असं हसायचे. माझं मत सांगायचं तर, नवीच चांगली होती. हे मी त्यांना दर आठवड्याला सांगायचो आणि ते दर आठवड्याला खोडून काढायचे. त्या पहिल्या फेरीनंतर माझ्या सायकलीकडं त्यांनी कधी नीट बघितलंसुद्धा नाही. बघणं म्हणजे हार मानणं, असा त्यांचा हिशेब होता.

मग तो रविवार आला. आधीच्या आठवड्यात माझा ब्रेक किंचाळत होता, आणि अण्णांनी वाटभर कानावर हात ठेवले होते. त्या सकाळी वहिनींनी मला चहाला आत बोलावलं, सायकल बाहेर होती. चहा झाला, निघालो. किंचाळणं बंद झालेलं, मी खूश. ब्रेक जरा मऊ लागतोय असं येळ्ळूरपर्यंत वाटलं, पण सपाटीला कोण लक्ष देतो? गडावरून उतरताना दुसऱ्या वळणावर दोन्ही ब्रेक दाबले, आणि सायकल थांबायचं नावच घेईना. मी कठड्याच्या दगडांवर जाऊन आदळलो. गळ्याजवळचं हाड मोडलं. अण्णांनी आपल्या टॉवेलची झोळी करून माझा हात बांधला आणि एका टेम्पोत मला मांडीवर घेऊन बसले. वाटभर त्यांचं तोंड चालू होतं, "म्हटलं न्हवतं तुला? म्हटलं न्हवतं?"

पंधरा दिवसांनी सायकल खडेबाजाराजवळच्या दुकानात टाकली. मेकॅनिकनं डिस्कच्या चकतीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "साहेब, हिला तेल कुणी घातलं?" मी वास घेतला. मागाचं तेल. त्या वासात मी लहानाचा मोठा झालोय, दुसरं काय असणार! रिमला तेल लावायचं नसतं हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं, त्यांचे स्वतःचे ब्रेक रिमवरच होते. पण चाकाच्या मध्याशी, आसाजवळ फिरणारी ती चकती हाच माझा ब्रेक, हे त्यांना माहीत नव्हतं. मागाचा नियम असा की, आसाजवळ जे फिरतं आणि किंचाळतं त्याला दोन थेंब. मी चहा पीत असताना त्यांनी मायेनं माझ्या दोन्ही चाकांना तेल घातलं होतं. मेकॅनिकला म्हटलं, हे कुणाला सांगू नका. आणि अण्णांना सांगितलं, "तुमचंच खरं. नवी सायकलच वाईट."

त्यानंतर सहा वर्षं ते जिंकत राहिले आणि मी हरत राहिलो. दोन बदल मात्र झाले. माझ्या सायकलीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. "बाटलेली हाय ती" म्हणायचे. आणि पूर्वी उतारावर माझ्या मागं असणारे अण्णा आता पुढं राहून इतके हळू उतरायचे, की मलाही हळूच यावं लागायचं. मी मनात म्हणायचो, वय झालं म्हाताऱ्याचं.

जन्मभर कापसाची धूळ खाल्लेली फुप्फुसं शेवटी थकली. जायच्या आधीच्या रविवारी मी भेटायला गेलो, तर उशीला टेकून बसले होते. मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, "सुऱ्या, त्या दिशी तू पडलास ते कशानं रं? खरं सांग."

सहा वर्षांची सवय होती. "सायकलच वाईट, अण्णा. तुमी म्हणालता तसंच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं... "व्हय व्हय," म्हणाले आणि डोळे मिटले. मी बाहेर पडलो तो जग जिंकल्यासारखा. शेवटपर्यंत निभावलं म्हणून.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. "भावजी, ही सायकल तुमी न्या. त्यांनी सांगून ठेवलंय." निळी सायकल भिंतीला टेकून होती. वर खिळ्याला तेलाची कुपी टांगलेली, आणि तिच्या चोचीवर साडीच्या काठाची चिंधी गुंडाळून विणकराची गाठ मारलेली.

"ही का बांधलीया?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "तुमी पडल्यापासनं बांधलीया. मागाला दुसरी आणली. त्या खडेबाजारच्या सायकलवाल्याशी भांडाय गेलते हे, असला कसला ब्रेक इकतोस म्हणून. त्यानं चिडून सांगितलं, तेल कुणीतरी घातलंय, आनि साहेबांनी ते कुणाला सांगू नका म्हटलंय. घरला आले ते दोन दिस जेवले न्हाईत. मी म्हटलं, जाऊन सांगा की भावजींस्नी. तर म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं लपवलंय, आता मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"आनि त्या शेवटच्या रविवारी... मला इचारलं ते?"

"तुमी गेल्यावर हसले. म्हणाले, मराय टेकलोय तरी लेकाचा मलाच जिकू देतोय. हसले, आनि मग लई रडले."

मी त्या खोलीत उभ्याउभ्या लहान पोरासारखा रडलो. त्यांना माफी मागायची होती. त्यासाठी त्यांनी मला वाट करून दिली होती, आणि मी मोठ्या शहाणपणानं ती बंद करून आलो होतो.

मागच्या रविवारी त्यांची सायकल घेऊन गडावर गेलो. हाडं खिळखिळी झाली. प्रत्येक खड्डा ध्यानात राहिला, तेवढं त्यांचं खरं. चेन वाळलेली, चढभर कुरकुरत होती. उतरताना दुसऱ्या वळणावर थांबलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, तेल तुम्हीच घातलंत. आणि सायकल माझीच चांगली होती." कठड्यावरचं माकड तेवढं पळालं.

घरी येऊन सायकलीबरोबर आणलेली कुपी काढली. विणकराची गाठ ओढून सुटत नाही, शेपूट मागं ढकलत बसावं लागतं. वडिलांनी शिकवलेलं बोटांना आठवलं. गाठ सुटली. मग ती सहा वर्षांत कोरडीच राहिलेली चिंधी, थेंब उडू नये म्हणून, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नव्या सायकलीच्या चकतीवर नीट पांघरली, आणि जुनीच्या चेनला दोन थेंब सोडले.