रेघेपलीकडचा ड्रम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी चहातली जादा साखरसुद्धा लपवू शकत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा एकट्यानं वागवणं आता होत नाही म्हणून. काहीही असो, ऐका.

मी लातूरच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये कामाला आहे. रसायनांच्या कारखान्यांतून रिकामे झालेले निळे प्लास्टिकचे ड्रम आमच्याकडे येतात. आम्ही ते धुतो, मशीनमध्ये त्यांचे तुकडे करतो, आणि ते तुकडे जहाजानं परदेशी जातात. केमिस्ट्रीत बीएस्सी झालेला तिथं मी एकटाच, म्हणून कायद्याचं सगळं माझ्या गळ्यात. कायदा तसा सरळ आहे. रिकाम्या ड्रमच्या आत रसायन चिकटलेलं असेल तर तो धोकादायक कचरा. तो देशाबाहेर पाठवायचा तर दिल्लीची परवानगी लागते, आणि ज्या देशात जाणार त्या देशाचीही आधी लेखी संमती लागते. तोच ड्रम नीट धुतला की नुसतं प्लास्टिक. मग कुणी फारसं विचारत नाही. आमच्या शेडमध्ये जमिनीवर एक पांढरी रेघ होती — अलीकडं धोकादायक, पलीकडं धुतलेले. ड्रमनं रेघ कधी ओलांडायची ते मी ठरवायचो, त्याच्या पोटावर खडूनं खूण करून.

आता, धुवायचं म्हणजे पाणी पाहिजे. आणि लातुरात, उन्हाळ्यात, पाणी? आमच्या गल्लीत नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं, हे लोक लग्नकार्यासारखं लक्षात ठेवायचे. त्या वर्षी शेडचं बोअर आटलं. माल अडकला. शेटजी रोज विचारायचे, पण माझा गळा कुणी धरला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मीच एका दुपारी ड्रम कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायला लावले, आणि खडू घेऊन खुणा करत सुटलो. संध्याकाळपर्यंत सगळा धोकादायक कचरा रेघेपलीकडं जाऊन प्लास्टिक झाला होता. थेंबभर पाणी लागलं नाही. मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

एवढंच असतं तर मी पचवलंही असतं. पण — थांबा, क्रमानं सांगतो.

आमच्या शेजारी शकुंतलामावशी राहते. सख्खी नाही. माझी आई गेली तेव्हा हिनंच मला जेवू घातलं, म्हणून मावशी. टँकर आला की ज्याच्या दारात मोठा ड्रम त्याला जास्त पाणी, असा गल्लीचा रिवाज होता, आणि मावशीकडं होत्या दोन घागरी अन् एक गळकं पिंप. तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मीच मोठेपणा करायला गेलो. रेघेपलीकडचा एक ड्रम उचलला आणि तिच्या दारात नेऊन ठेवला. तुम्ही विचाराल — तुला माहीत नव्हतं? होतं. पण खुणा करून करून माझाच माझ्या खडूवर विश्वास बसला होता. होतं का हो असं माणसाचं? मावशीनं ड्रमला विभूतीची तीन बोटं ओढली, अर्ध्या बादलीत तो विसळला, आणि ते पाणीही वाया नको म्हणून त्यात भांडी घासली.

आठवडा झाला नसेल, तिच्या हातांवर फोड आले. नातीला उलट्या सुरू झाल्या, थांबेनात. पोरीला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. ती वाचली, आज शाळेत जाते. पण तेव्हा ती पलंगावर इतकी मऊ पडली होती की मला तिच्याकडं बघवेना.

आणि गल्ली घसरली व्यंकटवर. व्यंकट आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडकडचा. त्याच्या बापानं काळा खडक फोडून खणलेली विहीर होती, भर उन्हाळ्यात न आटणारी. ट्रॅक्टरला टँकर जोडून तो आम्हाला पाणी आणायचा. म्हाताऱ्या माणसांच्या ड्रमात पाइप स्वतः धरायचा. इतर घरांत कुणाला काही झालं नव्हतं. पण पाण्याचं नाव निघालं मात्र, चार जणांना आपापलं पोट आठवलं. मग कुणीतरी म्हणालं, हा केमिस्ट्रीवाला आहे की, ह्याला विचारा. मी मावशीच्या ड्रमावर वाकलो. वास आला — आमच्या शेडचा. मी ताठ झालो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, पाण्यातच खोट दिसते.

का म्हणालो? ड्रम म्हटलं असतं तर तो आणला कुणी, इथवर आलं असतं. मग खडू. मग नोकरी. आणि मावशीचा चेहरा. एवढं सगळं त्या एका श्वासात सुचलं मला.

दुसऱ्या दिवशी 'तपासायला' म्हणून मी तो ड्रम शेडमध्ये नेला आणि मशीनमध्ये घातला, विभूतीसकट. त्याचे तुकडे इतर मालाबरोबर समुद्रापार गेले. कुणाची संमती लागली नाही.

व्यंकट भांडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या दारात आला, हातात विहिरीच्या पाण्याची बाटली. म्हणाला, "सर, तुमी शिकलेले. नांदेडला न्हेऊन तपासून आना. खोट निघली तर मी थेंब न्हाई देनार कुनाला."

मी बाटली घेऊन नांदेडच्या एसटीत बसलो. खरंच तपासायला निघालो होतो का? माहीत नाही. अहमदपूरला गाडी थांबली. ऊन मरणाचं, स्टँडवरच्या नळाला पाणी नाही, घशाला कोरड. मी बाटली उघडली आणि प्यायलो — सगळी. गोड पाणी होतं. इतकं गोड पाणी मी त्या उन्हाळ्यात प्यायलो नव्हतो. मग समोरच्या लातूरच्या गाडीत बसून परत आलो, आणि व्यंकटला सांगितलं की पाणी खराब निघालं.

त्यानं टँकर विकला. एवढं मला कळलं होतं. बाकीचं त्याच्याच तोंडून कळलं, अलीकडं, गंजगोलाईच्या बाजारात तो भेटला तेव्हा. दुसऱ्याचा टेंपो चालवतो आता. मला बघून टेंपो बाजूला लावून धावत आला. विहीर बुजवली म्हणाला. दगड-माती टाकून, पार वरपर्यंत. चुकून कुणी प्यायला नको. मग त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई उपकार झाले सर. तुमी येळेवर सांगितलं, न्हाईतर आनखी कुनाचं लेकरू..."

त्यानं मला चहा पाजला. मी तो प्यायलो.