जीवरामनानांचे गोड शेवट

जीवरामनानांच्या व्हिडिओवर कोणीही मरत नसे. नायिका खोकून खोकून अर्धी होवो, नायकाला सात गोळ्या लागोत, मरायची वेळ जवळ आली की नाना उठत, बटण दाबत आणि टीव्हीवर मुंग्या आल्या की समोर उभे राहून उरलेली गोष्ट तोंडाने सांगत. "मंग मुंबईथीन मोठा डागतर उना, पोर बरी व्हयनी, सासूनी तिले पोटशी धरं. चला, उठा आते, म्हशी वाट दखी ऱ्हायन्यात!"

आणि आम्ही उठायचो. पदर झटकायचो, हसत हसत घरी जायचो.

भडगावजवळच्या आमच्या लहानशा गावात नाना एकटेच व्हिडिओवाले. आधी ते कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते. तिथून निघाल्यावर कुठून तरी टीव्ही आणि व्हीसीआर पैदा केला आणि तो गोधडीत गुंडाळून, बैलगाडीत घालून गावोगाव नेऊ लागले. सुरतेहून येणाऱ्या कॅसेटी दाखवायच्या. रात्री लाइटीचा भरवसा नाही, म्हणून खेळ भर दुपारी, शाळेच्या खोलीत, खिडक्यांना गोणपाट लावून. एकदा पारोळ्याकडच्या एका गावात त्यांनी एक रडका सिनेमा शेवटपर्यंत दाखवला. बाया इतक्या रडल्या की संध्याकाळी एकाही घरात चूल पेटली नाही, आणि चिडलेल्या पुरुषांनी नानांच्या गाडीचं जू लपवून ठेवलं. तेव्हापासून नानांचा नियम झाला, रडत कोणी घरी जायचं नाही.

माझे वडील, देवचंदआबा, नानांचे पहिल्या नंबरचे भक्त. पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसणार आणि नानांनी शेवट सांगितला की मान डोलावणार. नानांचं एक वाक्य तर त्यांनी घरात रोजच्या वापराला काढलं होतं. म्हैस आटली, कापूस भिजला, आजी पडली, काहीही होवो. "शेवटले बठ्ठं बरं व्हस." शेवटी सगळं बरं होतं. मला हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालं होतं, आणि वाईट म्हणजे मला ते खरं वाटत होतं.

एकोणनव्वद साली मला धुळ्याला दिलं. पहिल्याच वर्षी शेजारणीने मला थिएटरात नेलं. लागलेला सिनेमा मी नानांकडे दोनदा पाहिलेला. सोशिक सुनेचा. आजूबाजूच्या बाया डोळे पुसत होत्या आणि मी आरामात शेंगा खात होते. शेजारणीला म्हणाले, "रडू नका हो, आता डॉक्टर येतो." डॉक्टर आला नाही. सून मेली, आणि तिची तिरडी दाराबाहेर पडते न पडते तोच सासू दुसऱ्या मुलीची चौकशी करू लागली. लोक उठून गेले तरी मी शेंगांची पुडी हातात धरून बसलेलीच. शेजारीण मला त्यावरून कितीतरी दिवस हसत होती.

मला हसू आलं नाही. कारण घरीसुद्धा मी डॉक्टरचीच वाट पाहत होते. सासूबाई कधीतरी पोटाशी धरतील, नवरा कधीतरी पश्चात्ताप करील, शेवटचा भाग यायचा आहे, असं मनाला समजावत दोन वर्षं काढली. मग एका सकाळी नवऱ्याने दार ओढून घेतलं तेव्हा माझी डाव्या हाताची बोटं चौकटीत होती. त्याला ती दिसत होती. दोन बोटं कायमची वाकडी राहिली.

एक्क्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले ती परत न जायचं ठरवून. गावात कडुलिंबांना झोके लागलेले, घरोघर माहेरवाशिणी आलेल्या, मायने मांडे केले होते आणि आमरसाचं पातेलं भरलं होतं. मी मायला बोटं दाखवली. मायने आबांना सांगितलं. आबांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "कुंदा, थोडा धीर धर. शेवटले बठ्ठं..." मी हात ओढून घेतला. त्या क्षणी मला आबांपेक्षा नानांचाच जास्त संताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सासरे मला न्यायला येणार होते.

त्याच दुपारी नानांचा खेळ होता. माय मला बळेच घेऊन गेली. पाहिलं तर सिनेमा नव्हताच, जपानी कार्टून होतं. नानांनी अशी दोन-तीन याआधी दाखवली होती आणि ती सगळ्यांना आवडली होती. त्यांचा साचा ठरलेला. डोंगराएवढा लोखंडी माणूस, त्याच्या पोटात बसून तो चालवणारा पोरगा, पोराचा शास्त्रज्ञ बाप, समुद्रातून निघणारा राक्षस. आधी मार खायचा, मग जिंकायचं, मग सगळ्यांनी हात हलवायचे. भाषा कोणालाच कळत नसे, नाना शेजारी उभे राहून गोष्ट सांगत. ही कॅसेट त्यांनी सुरुवातीची दहा मिनिटंच पाहिली होती. साचा तोच दिसला म्हणून बाकीची पाहायची गरज वाटली नाही.

राक्षस आला. पोरगा जिंकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण चित्र तिथे थांबेना. पोरगा यंत्रातून उतरला, आणि त्याला पाण्याचा गिलास धरता येईना, इतके हात कापत होते. "थकना शे," नाना म्हणाले. पुढच्या लढाईत राक्षसाने लोखंडी माणसाचा हात पिरगाळला आणि आत पोरगा स्वतःचा हात धरून किंचाळला. मी माझा डावा हात पदराखाली घेतला. चित्रात यंत्राबाहेर सगळे लोक टाळ्या वाजवत होते. बाप खिडकीतून पाहत होता आणि पुन्हा बसायला सांगत होता.

"आते दखा, आते तो उठी," नाना म्हणाले. पोरगा उठला नाही. जिन्यावर बसून राहिला. बाप आला, अधिकारी आले, सगळे बोटाने यंत्र दाखवत होते. पोरगा मान हलवत होता. खोलीत चुळबुळ सुरू झाली. नाना टीव्हीकडे सरकले. त्यांचा हात बटणाकडे जाताना मला दिसला.

मी उभी राहिले. एवढ्या माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "नाना, बंद करू नका. तुम्ही माले आजलोंग खोटं सांगं. आज जे शे ते सांगा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे, कारण बोलताना तो पदराबाहेर आला होता. त्यांनी बटणावरचा हात खाली घेतला आणि पडद्याकडे तोंड करून हळू आवाजात सांगू लागले. "भाषा माले येत नही. पण दखास ना. पोऱ्या म्हणस, माले दुखस. बाप म्हणस, लोके काय म्हणतीन. पोऱ्या म्हणस, माले त्यामा बठनं नही."

शेवटी पोरगा नळावर हात धुतो आणि एकटाच रस्त्याने चालत जातो. मागे यंत्र तसंच उभं. कोणी हात हलवले नाहीत. "इतलंच शे," नाना म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदाच काहीही जोडलं नाही.

गिरधर गुरुजी भडकले. शाळा त्यांची, त्यामुळे पहिला राग त्यांचा. "हा काय शेवट झाला, नाना? हिरोला रडवलं की झाली का नवी गोष्ट? असं तर कोणीही करील!"

"रडवनं म्हंजे काही नही, गुरुजी," नाना सावकाश म्हणाले. शेवट वाईट केला एवढ्याने साचा मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रडके सिनेमे त्यांनी पोत्याने पाहिले होते, त्यात सून मरते, पण मरेपर्यंत सोसते आणि लोक तिलाच ओवाळतात, म्हणजे साचा जिथल्या तिथेच. "ह्या जपानी मानुसनी काहीच बदलं नही. तोच बाप, तोच राक्षस, तेच यंत्र. त्यानी फक्त इचारं, आतमा बठेल पोऱ्याले काय व्हत व्हई? बस. इतलं इचारं आनि बठ्ठं मोडनं."

गुरुजी खिडक्यांवरचं गोणपाट काढू लागले. आबा पुढच्या रांगेत तसेच बसले होते. त्यांनी मान डोलावली नाही. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी नानांना एकच विचारलं, "जीवराम, तो बाप नंतर त्याना मांगे गया का?"

"नही गया, भाऊ."

आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

सकाळी सासरे आले. चहा झाला. माझी पिशवी दाराशी भरून ठेवलेली, कारण ठरवणं आणि तोंडाने सांगणं यात फार अंतर असतं, आणि माझी हिंमत शाळेच्या खोलीतच संपली होती. सासरे म्हणाले, चला, एसटी येईल. आबा उठले. मला वाटलं पिशवी उचलतात. त्यांनी माझा डावा हात धरला आणि सासऱ्यांच्या समोर उघडा करून ठेवला.

"मनी पोर आते त्या यंत्रमा बठनार नही," आबा म्हणाले.

सासरे गोंधळले. "कोणतं यंत्र?"

"तुमले मालूम शे."

सासरे ओरडले, पंचांचं नाव घेतलं, नाक कापल्याचं बोलले. आबा दारातून हलले नाहीत. एसटी सासऱ्यांना एकट्याला घेऊन गेली. पुढे पंच बसले, दोन वर्षं तोंडं वाकडी झाली, सोडचिठ्ठी झाली, त्यात गोड असं काही नव्हतं. आता मी नानांनी पुढे पाचोऱ्याला काढलेली कॅसेट लायब्ररी चालवते. शेवट कसा आहे, असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी म्हणते, घरी नेऊन पाहा.

पण त्या सकाळी एसटीची धूळ खाली बसली तेव्हा मायने माझी पिशवी ओट्यावर उलटी केली आणि एकेक लुगडं झटकून दोरीवर टाकायला लागली. ते पाहिलं आणि मला रडू फुटलं, दोन वर्षांचं, मोठ्याने, गावाला ऐकू जाईल असं. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि मला श्वास घेता येत होता. आरडाओरडा ऐकून आलेले नाना कुंपणाशी उभे होते. आबांनी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, आता ते काहीतरी गोड सांगून मला गप्प करतील म्हणून.

"रडू दे तिले," नाना म्हणाले. "ती घरमाच शे."