तिच्या मागची सीट

नॉटिंगहॅमला असताना माझं ऑफिस एकीकडे होतं आणि मी रोज सकाळी पकडायचो ती बस भलतीकडे जायची. कारण एकच, माझ्या पुढच्या सीटवर बसणारी मुलगी. ती हॉस्पिटलच्या स्टॉपला उतरायची. बसमध्ये टेकली की नागपूरला आईला फोन लावायची आणि वीस मिनिटं मोठ्यांदा, मोकळेपणी मराठीत बोलायची. इथे कोणाला कळतंय, या भरवशावर.

मला कळत होतं. पहिल्याच दिवशी पुढे वाकून "अरे वा, मराठी का?" म्हटलं असतं तर विषय संपला असता. नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणणं अवघड झालं आणि महिन्याभराने अशक्य. मग मी तोंडासमोर पेपर धरून ऐकत राहिलो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, वहिनीच्या कुरबुरी, तिने नाकारलेलं अमरावतीचं स्थळ, सगळं मला पाठ. स्थळ नाकारलं त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. आपण काही वाईट करतोय असं मला एकदाही वाटलं नाही, हे आज लिहितानाही टोचतं.

एका शुक्रवारी ती आईला म्हणाली, "उद्या दुपारी युनिव्हर्सिटीत बेल्जियमचा एक जुना सिनेमा आहे. एकटीच जातेय."

मीही गेलो.

सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता. एका माणसाला एका बाईचा ध्यास लागतो आणि तिला त्याचा पत्ताच नसतो. तो नुसता बघत राहायचा. मला त्याचा असा संताप आला! अरे बाबा, बोल की एकदाचं! आणि मग लक्षात आलं, गेला तासभर मी पडद्यापेक्षा दोन रांगा पुढच्या तिच्या मानेकडेच जास्त बघत होतो. ठरवलं, आज सांगून टाकायचं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी तीच माझ्याकडे आली. "यू आर ऑन माय बस!" म्हणून छान हसली. सिनेमातल्या माणसाची तिला फार भीती वाटली होती. मी इंग्रजीत म्हटलं, त्याने तर त्या बाईला बोटही लावलं नाही.

"दॅट्स द हॉरिबल पार्ट," ती म्हणाली. "शी डझंट इव्हन नो."

द्यायची होती कबुली, तोंडून निघालं भलतंच, तेही मराठीत. "तुमच्या आईचा गुडघा आता कसा आहे?"

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. आपण कधी काय काय बोललो ते ती आठवत होती, आणि मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कधीपासून?" तिने मराठीत विचारलं.

"जानेवारीपासून."

तेव्हा मे चालू होता. तिने कप ठेवला आणि ती निघून गेली.

सोमवारी मी माझी खरी बस पकडायला हवी होती. पण माफी मागायला हवी, असं स्वतःला पटवून मी पुन्हा तिच्याच बसमध्ये चढलो आणि अगदी पुढे, ड्रायव्हरजवळ बसलो. ती आली, मला पाहिलं, न थांबता मागे गेली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आई, घरी गेल्यावर बोलते," ती म्हणाली, मला नीट ऐकू येईल इतक्या मोठ्यांदा. "बसमध्ये मराठी कळणारा माणूस आहे."