ब्रिटन की ब्रिटनी

आयर्लंडमधल्या कार्ना गावच्या नॉब्लाबाई मास्तरणीला एकच वेड, देशांची नावं. आयरिश भाषेत फ्रान्सच्या आधी 'अन' लागतं, इंग्लंडच्या म्हणजे 'सासना'च्या आधी लागत नाही, आणि 'अमक्या देशाचा' म्हणायचं झालं की 'अन'चं 'ना' होतं आणि नावाचं शेपूटच बदलतं. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाकडून हे घोकून घेतलं. निवृत्त झाल्या, पण खोड जाईना. मयताला गेल्या तरी लोकांच्या चुका काढायच्या!

त्या दिवशी अकराच्या बातम्या लागल्या होत्या. बाहेर वारा नुसता पिसाळलेला, रेडिओ खरखरत होता. "...ना ब्रिटॉन्ये... किनाऱ्याजवळ मासेमारी बोट बुडाली..." आणि आवाजच गेला. बाईंनी हातातली किटली तशीच खाली ठेवली. ना ब्रिटॉन्ये, म्हणजे फ्रान्सकडच्या ब्रिटनीचा किनारा. त्यांचा मुलगा मॅकदारा तिथेच बोटीवर होता. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

शेजारचा बार्टला धावतच आला. एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी, आता साठीचा. "बाई, घाबरू नका. मी पण ऐकलं. 'ना ब्रॅटिन्ये' म्हणाले ते. म्हणजे ब्रिटन. आपला मॅकदारा तिकडे कुठे असतो?"

"अरे गाढवा, तुला या दोन नावांतला फरक कधी कळलाय का? ब्रिटनचेच लोक समुद्र ओलांडून तिकडे गेले, म्हणून नावं सारखी. घसा कोरडा करून शिकवलं तुला!" ओरडता ओरडता बाईंना हुंदका फुटला. "देवा, एकदा, फक्त एकदा याचं बरोबर असू दे."

"असेल, बाई. बसा तुम्ही." त्याने दोघांचा चहा ओतला. त्याचा कप तसाच निवत राहिला. मधूनच तो खिशातला फोन काढून बघायचा.

बाराच्या बातम्यांना दोघं रेडिओला कान लावून बसले. आवाज या वेळी स्वच्छ होता. "ना ब्रॅटिन्ये किनाऱ्याजवळ... तिघे बेपत्ता."

बाई रडता रडता हसल्या. "सुटले रे बाबा! बरोबर होतं तुझं, आयुष्यात पहिल्यांदा!"

बार्टला उठला. टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "आमचा फेहीन त्याच किनाऱ्यावर बोटीवर असतो ना, बाई. सकाळपासून फोन उचलत नाहीये."

आपल्या भीतीत बाईंना त्याच्या पोराची आठवणच राहिली नव्हती. आणि हा, हे सगळं ठाऊक असून, तासभर त्यांना धीर देत बसला होता. त्यांनी त्याची बाही घट्ट धरली.

"चुकीचं ऐकलंस तू," त्या म्हणाल्या. "तू नेहमीच चुकतोस, बार्टला."