आबांच्या मागची जागा

त्या जत्रेला माझा घसा बसला नव्हता. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. लग्न टिकलं तेवढी वर्षं बायकोलाही नाही.

मी साताऱ्यात विद्यापीठातल्या मुलामुलींचं वृंदगान बसवतो. त्याच्या जोडीनं बरीच वर्षं ऑपेरा गायलो. विट्याच्या पूर्वेला, माळावरच्या मेंढपाळाच्या घरातून माणूस ऑपेरात पोचतो कसा, असं लोक विचारतात. मग मी सांगतो, सांगलीला कॉलेजात असताना चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका बाईंनी माझा आवाज ऐकला, त्यांनी मुंबईला धाडलं, तिथून दोन वर्षं इटली. यात खोटं काही नाही. फक्त सुरुवात गाळलेली असते.

आमचे आबा धनगरी ओव्या गायचे. कानावर हात ठेवून देवाची कथा सांगायची आणि ओळीचा शेवटचा शब्द लांबवून मागं सोडून द्यायचा. मागं बसलेल्यांनी तो झेलायचा, ताणून धरायचा. तेवढ्यात गाणारा दम घेतो आणि पुढची ओळ जुळवतो. याला झील धरणं म्हणतात. आबांची झील चुलते आणि मी धरायचो. चुलते दम घेत तेव्हा मी ओढायचो, मी घेई तेव्हा ते. सूर तुटत नसे. तालमीत मी पोरांना तेच सांगतो, शेजारच्यानं श्वास घेतला की तू घ्यायचा नाहीस. एका मुलीनं एकदा विचारलं, "सर, हे कुठं शिकलात?"

"इटलीत," मी म्हणालो.

चुलते वारले त्याच्या पुढच्या जत्रेची ही गोष्ट. आबांचा फोन आला. "मागं कुनी न्हाई रं. एक म्हातारा हाय, पर त्यो खोकतोय. तू येतूयास न्हवं?"

येतो म्हणालो. जत्रेनंतर दोनच दिवसांनी मुंबईत माझा प्रयोग होता, तोवरची सगळ्यात मोठी भूमिका. भूमिका बापाची होती. माझ्यासारख्या जाड आवाजाच्या गायकाला बहुतेक बापच मिळतात. झील म्हणजे वरच्या पट्टीत, उघड्या गळ्यानं. दोन तास धरली तर माझा आवाज चार दिवस गेला असता. हे आबांना सांगता आलं असतं. ते स्वतः गाणारे, "बरं" म्हणाले असते. पण मग मी त्यांना सोडून मुंबई निवडली, हे मला कळलं असतं. घसा बसला म्हटलं की काही निवडावं लागत नाही.

गळ्याला मफलर गुंडाळून गेलो, कुजबुजत बोललो. देवळापुढं माझ्या बरोबरीचा एक गडी सगळ्यांदेखत म्हणाला, "आयला, परदेशातला गळा हितल्या धुळीनं बसला व्हय? इमा तरी उतरीवलायस का त्याचा?"

लोक हसले. आबा त्याच्यावर खेकसले, "गप रं! त्याला बोलायला लावू नगंस." मग स्वतः कुठून तरी हळद घातलेलं गरम दूध घेऊन आले. "तू मागं नगंस बसू. म्होरं बस. नुसतं ऐक."

मी पुढं बसलो. त्यांच्या मागच्या घोंगड्यावर तो म्हातारा एकटा होता.

आमच्यात देवापुढं सुरू केलेली ओवी अर्धी सोडत नाहीत. आबांनी सुरुवात झकास केली. कथा निम्म्यावर आल्यावर म्हाताऱ्याला उबळ आली, शब्द खाली पडला. आबांनी तो स्वतःच उचलला, तसाच पुढचा, त्याच्या पुढचाही. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. सवय असणार. मी समोर होतो, ओठ मिटून. पुढच्या ओळीला त्यांचा दम पुरला नाही. ओवी तिथंच सोडून ते खाली बसले.

पुजाऱ्यानं भंडारा लावला. आबा देवाला म्हणाले, "पोराचा घसा बसला, न्हाईतर पुरी झाली असती."

मुंबईत मी उत्तम गायलो. पुढच्या खेपेला घरी गेलो, तर तोच गडी फोन घेऊन ओट्यावर हजर. "आवं आबा, ह्ये बगा! जत्रंनंतर दोन दिसांत कसा वरडतोय तुमचा घसा बसल्याला!"

आबांनी फोन हातात घेतला. माझ्या प्रयोगाचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. व्हिडिओखाली प्रयोगाची तारीख ठळक लिहिलेली होती, आणि आबांना वाचता येतं.

"ते आदीचं आसंल," म्हणाले आणि फोन परत दिला. मग मेंढरांना पाणी दाखवायला उठले.

त्यानंतर ते कधी गायले नाहीत. कुणी विचारलं की "दम न्हाई ऱ्हायला" म्हणतात. मेंढरांमागं टेकाड चढताना त्यांची हाक पलीकडच्या वस्तीवर जाते, ती मी ऐकली आहे.

मला आता ऑपेरासाठी कुणी बोलवत नाही. तालीम संपली की मुलं घोळक्यानं चहाला जातात. "सर, चला की" म्हणतात, पण मी नाही म्हणणार हे त्यांनी धरलेलं असतं. मी खोलीवर येतो. कधी भिंतीकडं तोंड करून एखादा सूर लावतो आणि दम संपला की थांबतो. माझ्यापुढं रोज चाळीस गळे एकमेकांना धरून गातात, मी मात्र हात हलवतो. रविवारी आबांना फोन करतो. ते पावसाचं सांगतात, मेंढरांचं सांगतात, "घसा जप" म्हणतात. मी "हो" म्हणतो.

ती ओवी देवापुढं अजून अर्धीच आहे. आबांना आधी खरं सांगणं आणि मग त्यांच्या मागं बसून ती पुरी करणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. यातलं काहीच अजून केलेलं नाही.