घासलेलं हेड

धोंडू मिस्त्रीच्या हातात जादू आहे असं डिलाईल रोडची अर्धी चाळ म्हणायची, आणि पंचाईत अशी की धोंडूलाही ते पटायला लागलं होतं. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करणारा हा मालवणकडचा गडी लालबागच्या एका गॅरेजात शिरला आणि मोटारींचाच होऊन बसला. पण तिथे सगळी डागडुजी. पहिल्यापासून आपल्या डोक्याने ठरवून एक शर्यतीचं एंजिन बांधायचं, ही त्याची हौस मनात कुढत पडली होती. ती जागी केली मनमोहनसाहेबांनी.

साहेब प्रभादेवीचे, जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले, पेशाने वकील. जीव सगळा मोटारीत. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्याकडून त्यांनी एंजिनात जोराने हवा कोंबणारा पंप मिळवला. गॅरेजात त्याचं नाव लगेच ‘भाता’ पडलं. भाता बसवून साहेबांची गाडी जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरवायची, असं ठरलं. मग दोघेही गॅरेजच्या फरशीवर खडू घेऊन बसले. भाता कुठे बसेल, त्याचा पट्टा कसा फिरेल, पेट्रोल किती वाढवावं लागेल, सगळा खल झाला. हेडबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

काढणार कोण? गाडी पळवायची तर हेड घासायचं, ही लालबागची रीत. हेड म्हणजे एंजिनाचं वरचं झाकण. ते खालून घासलं की पिस्टनच्या डोक्यावरची जागा कमी होते, आतली हवा जास्त दाबली जाते आणि गाडीत जोर येतो. धोंडूने अशी कितीतरी हेडं घासून आणली होती. त्यात छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून गिरणगाव पेटलेलं, हरताळ तोंडावर आलेला. हरताळात घासायची यंत्रं बंद पडण्याआधी काम उरकावं म्हणून धोंडूने घाईघाईने हेड घासून आणलं, एंजिन जोडलं, सुरू करून पाहिलं. सुरेख चाललं.

साहेब खूश झाले. “हरताळाला रस्ते मोकळे असतील. ऊन उतरलं की वरळीला समुद्राकडेने पळवून बघतो. बेबी बसेल माझ्याशेजारी. तू येऊ नकोस, उगाच पोलिसांच्या तावडीत सापडशील.” बेबी म्हणजे त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी.

हरताळाच्या दिवशी रिकामा नवरा घरात, म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. दुपारी चहाची वेळ झाली तसा धोंडू मदतीला सरसावला. स्टोव्ह काठोकाठ भरला आणि दणादण पंप मारू लागला. बायकोने, सुभद्राने, त्याचा हात धरला.

“गळ्यापर्यंत घासलेट भरलात, वर हवा मारताय? आत हवेक जागा खंय ऱ्हवली? फुटात तो.”

धोंडू ‘बरं’ म्हणाला आणि पंपावरचा हात तसाच राहिला. आत जागा कुठे राहिली? हेड घासून जागा आपणच कमी केली, आणि त्यात भाता हवा कोंबणार. दोन्ही उपाय एकाच एंजिनावर! हळू चालवली तर काही कळायचं नाही. भर वेगात पेट्रोल वेळेआधी भडकेल, पिस्टनला भोक पडेल, एंजिन जागीच अडकेल आणि गाडी समुद्राच्या कठड्याकडे फेकली जाईल. आत बेबी असेल.

सुभद्रा हाक मारत राहिली, हा जिना उतरला. बस नाही, टॅक्सी नाही. गल्लीगल्लीत घोषणा चाललेल्या. धोंडू घोषणा देणाऱ्यांतला माणूस, पण आज त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो निम्मा चालत, निम्मा धावत एल्फिन्स्टनच्या पुलापाशी आला, तर तिथे पोलीस.

“खिशात काय?” हवालदाराने विचारलं.

खिशात पाना. मिस्त्रीच्या खिशात दुसरं काय असणार? पण त्या दिवसांत खिशातला पाना म्हणजे रूळ उखडायला निघालेला माणूस.

“हवालदारसाहेब, एक गाडी बंद करायचीय.”

“बंद करायला नि फोडायलाच निघालेत सगळे. बस तिथे.”

ऊन उतरत होतं. धोंडू फुटपाथवर बसून सूर्याकडे बघत होता आणि मनात नको ते येत होतं. नाही पोचलो तर? कुणाला कळणार? खराब पेट्रोलवर खापर फोडता येईल. आपलं नाव शाबूत राहील. हा विचार आपल्याच डोक्यात आला याची त्याला शिसारी आली. तेवढ्यात पुलाच्या पलीकडे दगडफेक सुरू झाली, पोलीस तिकडे धावले आणि धोंडू उठून सुटला.

प्रभादेवीला पोचला तेव्हा गाडी फाटकातून बाहेर निघत होती. धोंडू पुढे आडवा उभा राहिला.

“साहेब, माझी चूक झाली. हेड घासायचं नव्हतं. भात्याला जागा जास्त लागते, मी कमी केली. वेगात एंजिन फुटणार.”

“वेडा झालास काय? ऐक, किती छान चाललंय.”

“आता छानच चालणार. जोर दिला की फुटणार.”

साहेब चिडले. इतक्या दिवसांची हौस, आणि बांधणाराच आडवा आलेला. “घाबरलास तू. बाजूला हो. फार तर हळू नेतो.”

हळू नेणार नाहीत हे धोंडूला पक्कं ठाऊक होतं. त्याने पलीकडचं दार उघडलं. “बेबीताई, उतरा.” ती बापाकडे बघत उतरली. धोंडू तिच्या जागी बसला आणि दार ओढून घेतलं. “चला. कठड्याच्या बाजूला मी.”

एंजिन चालू होतं. साहेबांचा हात गिअरवर होता. धोंडूने दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली, पण उतरला नाही. साहेबांनी ते पाहिलं.

“तू आला नसतास,” ते हळूच म्हणाले, “तर चूक तुझी होती हे मला कधी कळलं असतं?”

“नाय.”

“फुटल्यावर?”

“तेव्हापण नाय. मी पेट्रोलवर ढकललं असतं.”

साहेबांनी एंजिन बंद केलं. रस्ता रिकामा होता, लांबवर घोषणा चालू होत्या. त्यांनी चावी काढली आणि धोंडूच्या तळहातावर ठेवली.

“दुसरं हेड मिळेपर्यंत तुझ्याकडे राहू दे,” ते म्हणाले. “माझा माझ्यावर भरवसा नाही.”