मुरमाच्या खाणीतली पिल्लं

मिरवायची हौस वाईट. औशापुढे आमच्या गावाच्या माळावर लांडगीण व्यालीय, हे मराठवाड्यातल्या जनावरांवर मालिका करणाऱ्या मंडळींना मीच कळवलं होतं. गावाचं नाव सांगायचं नाही, ही अटही माझीच. माघात ते येऊन लांबून चित्रण करून गेले. पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी तो भाग लागणार होता, तर मी शहाणीने विहाराच्या ओट्यावर टीव्ही मांडला आणि अख्ख्या गावाला बोलावलं. शाळेत शिकवते, पण एवढी अक्कल नव्हती.

त्यांनी नाव खरंच सांगितलं नाही. पण चार पिल्लं बिळातून लोळत बाहेर आली आणि त्यांच्या मागे विजेचा वाकडा खांब दिसला. आमची मुरमाची खाण सगळ्यांनी ओळखली. वरच्या आळीतल्या एका काकांची दोन शेरडं त्याच महिन्यात लांडग्यानं नेली होती. ते मधूनच उठून गेले.

उजाडताच मी त्यांच्या दारात जाऊन बसले. चहा झाला, परीक्षांचं बोलणं झालं, हरभऱ्याचं झालं. त्यांनी उंबरा ओलांडू नये एवढंच मी बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "बाई, माझ्यावर कशाला पहारा? तुमचे वडीलच फावडं घेऊन माळाकडं गेले की."

मी तशीच उठले. घरी आले तर बाबा अंगणात पाय धूत होते. रोज पंचशील म्हणणारा, विंचूसुद्धा चिमट्यात धरून बाहेर सोडणारा माणूस. फावड्याला मुरूम चिकटला होता.

"बिळाचं तोंड बुजवलं," ते म्हणाले. "उद्या कुणाचं शेरडू गेलं की लोक आपल्याच दारात येतील. लांडगे तुम्हीच पाळले म्हणतील. तू शाळंला जातीस, हितं मी असतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं बोलत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पिल्लं आत होती का, एवढंच विचारलं.

"वाकलोच न्हाई. वाकून बघितलं असतं तर हात चालला नसता."

मी फावडं उचललं. त्यांनी अडवलं नाही. गावातनं जाऊ नको, वढ्याकडनं जा, इतकंच म्हणाले.